वानगी आणि पोते

आडत बाजाराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला वानगी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. शेतकऱ्याची ज्वारी पोत्यांतून आडतीवर येते. खरेदीदार एका पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली धरतो आणि भाव बोलतो. भाव ठरतो मुठीवर, पैसे मोजले जातात सबंध थप्पीचे. या व्यवहाराच्या मुळाशी एक अलिखित करार असतो : जे मुठीत, तेच पोत्यात.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला हा करार फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने 'पेरिप्लस' नावाची जी व्यापारी माहिती लिहून ठेवली, तिच्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख आहे आणि तेथून साधे व तलम असे नाना तऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरी जात असे, असेही त्याने नमूद केले आहे. भडोचच्या पेढीवर त्या कापडाचा सौदा होताना आधी एखादा तुकडाच उलगडला जात असणार. परंतु त्या तुकड्यामागे गाड्या उभ्या होत्या.

वानगी खरी, अव्वल दर्जाची, डोळे दिपवणारी. पण पोते मात्र अजून भरलेलेच नाही, किंबहुना शेत अजून कापणीलाच आलेले नाही, अशी स्थिती असेल तर? तरीही वानगी ताटात मांडून, वाजतगाजत पेठेतून मिरवून आणली तर? संगणकाच्या धंद्यात हा प्रकार गेली साठ वर्षे चालत आला आहे. चकली-करंजीच्या ताटाशेजारी संगणकाच्या चिपा मांडल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. या कथेत पुण्यात जन्मलेला एक माणूस आहे, मुंबईत शिकलेला दुसरा आहे, आणि मत्सर, घाई, फजिती हे कादंबरीला लागणारे सारे साहित्यही आहे.

कथेचा आरंभ मात्र चिपांच्याही आधीचा. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कंट्रोल डेटा या लहानशा कंपनीने '६६००' नावाचे यंत्र जाहीर केले. सेमूर क्रे या अबोल इंजिनियराने ते रचले होते आणि त्या काळी जगात त्याच्याइतके वेगवान गणकयंत्र दुसरे नव्हते. आय.बी.एम. ही त्या धंद्यातली सार्वभौम सत्ता. तिचे अध्यक्ष टॉमस वॉटसन (धाकटे) यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक खरमरीत पत्र लिहिले. ज्या प्रयोगशाळेत झाडूवाल्यासकट अवघी चौतीस माणसे आहेत, तिने आपल्याला मागे टाकावे हे कसे, असा त्या पत्राचा आशय होता. मोठ्या घराण्यातल्या माणसाला धाकट्या भाऊबंदाने पंगतीत वरचढ पान मांडलेले दिसावे, तसा तो संताप होता.

संतापाचा परिणाम असा झाला की, १९६४ मध्ये आय.बी.एम.ने आपल्या 'सिस्टिम ३६०' या नव्या कुळात ६६०० ला मागे टाकील असे एक महायंत्र जाहीर करून टाकले. पुढे ते 'मॉडेल ९१' या नावाने ओळखले गेले. यंत्र तयार नव्हते. जाहिरात तयार होती. ज्या संस्था ६६०० विकत घेण्याच्या बेतात होत्या, त्यांनी साहजिकच हात आखडला : थोडे थांबले की याहून चांगले मिळणार आहे, तेही भरवशाच्या दुकानातून! कंट्रोल डेटाला किमती उतरवाव्या लागल्या. मॉडेल ९१ गिऱ्हाइकाच्या दारी पोचले ते १९६७ मध्ये, आणि एकूण विसाच्या आतच घडले. १९६८ च्या डिसेंबरात कंट्रोल डेटाने आय.बी.एम.वर दावा लावला. कागदावरची यंत्रे दाखवून आमची गिऱ्हाइके अडवली, ही तक्रार. जानेवारी १९७३ मध्ये तडजोड झाली आणि आय.बी.एम.ची एक उपकंपनीच कंट्रोल डेटाच्या पदरात पडली. कंट्रोल डेटाचे नाव आपल्याला अगदीच परके नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसलेले '३६००' हे मोठे यंत्र त्याच कंपनीचे होते. त्याआधी १९६० मध्ये त्या संस्थेने स्वतःच्या हिकमतीवर 'टिफ्रॅक' हे गणकयंत्र उभारले होते, ही गोष्ट मराठी मुलखात जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही.

आता चिपेकडे वळू. चिप कशी होते हे कळल्यावाचून पुढची गंमत कळायची नाही. वाळूपासून शुद्ध केलेल्या सिलिकॉनची, मध्यम भाकरीएवढी, आरशासारखी चकचकीत चकती घेतात. तिच्यावर शेकडो चिपा एकाच वेळी, एकाच साच्याने, एकाच भट्टीत कोरल्या जातात. नंतर त्या कापून सुट्या करतात. आपल्याला वाटेल की एकाच चकतीवरच्या साऱ्या चिपा जुळ्या बहिणी असणार. तसे नसते. थराच्या जाडीत केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी एकीचा स्वभाव दुसरीहून निराळा होतो. प्रत्येक चिप एका ठोक्यावर चालते, तबल्याच्या लयीवर नर्तकी चालते तशी. लय वाढवीत नेली की काही चिपा लवकर अडखळतात, काही बऱ्याच पुढे जातात, आणि मोजक्या एक-दोन तर चौपटीतही ताल सोडीत नाहीत. कारखान्यात त्यांची हीच परीक्षा घेतात आणि ज्या लयीपर्यंत जी टिकली त्या लयीचा आकडा तिच्यावर छापतात. खळ्यावर उफणणी करताना भारी दाणा पायाशी पडतो, हलका दूर जातो. पीक एकच, पण राशी वेगळ्या आणि भावही वेगळे.

याचा अर्थ असा की, नवी चिप निघाली की तिच्यातला सर्वांत वेगवान दाणा प्रारंभी दुर्मीळच असायचा. पुढे महिनोन्‌महिने कारखान्याचा हात बसत जातो, चकतीवर चांगल्या चिपांचे प्रमाण वाढते आणि काल जो दाणा हजारात एक होता तो आज शेरावारी मिळू लागतो. ही टंचाई निसर्गाची आहे. तीत लबाडी नाही. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, तेव्हा ती टंचाई कुणी जाहिरातीसाठी निर्माण केली नव्हती. परवान्यांच्या राज्यात कारखान्याने किती गाड्या काढाव्या हेच वरून ठरत होते. लबाडी म्हणा वा हुशारी म्हणा, तिचा आरंभ होतो तो त्या पहिल्या मूठभर दाण्यांचे काय करायचे या प्रश्नापासून. साठवून ठेवून पोते भरेपर्यंत थांबावे, की मूठ उघडून जगाला दाखवावी?

२२ मार्च १९९३ या दिवशी इंटेल कंपनीने 'पेंटियम' जाहीर केली. या चिपेत ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि ती सेकंदाला सहा कोटी किंवा सहा कोटी साठ लाख ठोक्यांवर चालत असे. आधीच्या चिपांना ३८६, ४८६ अशी नुसती आकड्यांची नावे होती. परंतु आकड्यावर मालकी सांगता येत नाही असे न्यायालयात ठरल्यामुळे प्रतिस्पर्धी खुशाल तेच आकडे वापरीत. म्हणून या पाचव्या पिढीला आकड्याऐवजी नाव मिळाले. ज्या विभागाने ही चिप घडवली त्याचे प्रमुख विनोद धाम. फाळणीत रावळपिंडी सोडून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. दिल्लीत इंजिनियर होऊन १९७५ मध्ये ते अमेरिकेस गेले, तेव्हा खिशात आठ डॉलर होते असे सांगतात. 'पेंटियमचे जनक' ही पदवी लोकांनी त्यांना बहाल केली. जनकत्व असे एकट्याकडे देणे मला रुचत नाही. प्रत्यक्ष आराखड्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्यांत अवतार सैनी हे एक. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकलेले, १९८२ मध्ये इंटेलमध्ये दाखल झालेले. पुढे ते इंटेलचे दक्षिण आशियातील प्रमुख म्हणून भारतात परतले. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर नवी मुंबईत पहाटे सायकल चालवीत असताना टॅक्सीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. वर्तमानपत्रांतून ती बातमी आली तेव्हा ज्यांच्या मेजावर त्यांच्या चिपा वर्षानुवर्षे चालल्या होत्या, अशा कितीतरी लोकांनी त्यांचे नाव प्रथमच वाचले असेल.

मार्चात जाहीर झालेली पेंटियम बाजारातल्या यंत्रांत दिसू लागली ती मे महिन्यापासून, आणि तीही मोजकीच. १९९३ हे साल आमच्या भागात मात्र निराळ्याच कारणाने कोरले गेले आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात धरणी हादरली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे दगडमातीखाली गेली आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. त्या वर्षी सेकंदाला सहा कोटी ठोके देणारे काही जन्माला आले, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते.

पेंटियमची एक फजिती येथे सांगितली पाहिजे, कारण पुढच्या प्रसंगाशी तिचा संबंध आहे. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांना मूळ संख्यांवर काम करताना आढळले की, ही चिप काही विशिष्ट भागाकार चुकीचे करते. चौथीतल्या पोराचा भागाकार चुकला तर मास्तर कान पिळतो. येथे कान कुणाचा पिळायचा? इंटेलने आधी विषय झटकून टाकला. अशी चूक सामान्य माणसाला जन्मात भेटायची नाही, असा पवित्रा घेतला. लोक खवळले आणि डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून देण्याची पाळी आली. ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खड्डा पडला. येथे वानगी आणि पोते यांत तसूभर फरक नव्हता. दोष मुठीत होता तोच पोत्यात होता.

१९९५ मध्ये विनोद धाम यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. तिच्याकडे बुद्धी होती, कारखाना नव्हता. ए.एम.डी. या इंटेलच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे कारखाना होता; पण तिची 'के-५' ही चिप वायदे करकरून रखडली होती. ए.एम.डी.ने नेक्सजेनच विकत घेतली. २ एप्रिल १९९७ ला 'के-६' निघाली आणि इंटेलची 'पेंटियम-२' येण्यापूर्वी महिनाभर तरी तिने मिरवून घेतले. परंतु येथेही तेच दुखणे निघाले. वानगी सुरेख, पोते भरेना. त्या वर्षी ए.एम.डी.च्या कारखान्यात चकतीवर चांगल्या चिपा पुरेशा उतरेनात, गिऱ्हाइके दारात आणि कोठार रिकामे. घडविणाऱ्याचे कौशल्य आणि पुरविणाऱ्याची ताकद ही दोन वेगळी खाती आहेत, आणि जाहिरात करणाराच बहुधा ती एकत्र लिहितो.

आता मुख्य प्रसंग. १९९९ च्या उन्हाळ्यात ए.एम.डी.ने 'अ‍ॅथलॉन' काढली आणि इतिहासात प्रथमच इंटेलला वेगात बरोबरीचा गडी भेटला. दोघांपुढे एकच खूण होती : एक गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. या आकड्यात शास्त्रीय असे काही पवित्र नाही. ९९ कोटी ठोक्यांची चिप आणि १०० कोटींची चिप यांत वापरणाऱ्याला कसलाही फरक जाणवणार नाही. परंतु शंभर म्हणजे शंभर! नव्याण्णववर बाद झालेल्या फलंदाजाची हळहळ ज्या देशात घरोघरी होते, तेथे हे अधिक सांगायला नको. कुणी प्रदर्शनात गार केलेल्या चिपा हजार मेगाहर्ट्झवर पळवून दाखवी. क्रायोटेक नावाच्या कंपनीने तर शीतपेटीत बसवलेली अ‍ॅथलॉन २००० च्या आरंभीच त्या वेगाने विकायला काढली. तो म्हणजे घोड्याला बर्फाच्या लादीवर उभा करून शर्यतीत उतरवण्यातला प्रकार.

त्याच सुमारास इंटेलच्या कोठारात टंचाई होती. गेटवे या संगणक बांधणाऱ्या बड्या कंपनीने जानेवारी २००० मध्ये आपला नफा घटल्याचे एक कारण इंटेलच्या चिपा वेळेवर न मिळाल्याचे दिले आणि ती पुन्हा ए.एम.डी.कडे वळली. ज्याचे पोते रिते असते त्याला वानगी मिरवण्याचा मोह अधिक होतो, हे मी बाजारातही पाहिले आहे.

६ मार्च २०००, सोमवार. ए.एम.डी.ने शंभर कोटी ठोक्यांची अ‍ॅथलॉन जाहीर केली. हजाराच्या खरेदीत नगास १२९९ डॉलर. कॉम्पॅक आणि गेटवे यांची यंत्रे त्याच आठवड्यात मागवता येत होती. दोनच दिवसांनी, ८ मार्चला, इंटेलने आपली शंभर कोटींची 'पेंटियम-३' जाहीर केली. किंमत ९९० डॉलर, म्हणजे तीनशे डॉलर स्वस्त! पण सोबत एक बारीक शब्द होता : तूर्त मर्यादित पुरवठा, भरपूर माल तिसऱ्या तिमाहीत. म्हणजे पाटी लागली वसंतात आणि दुकान उघडायचे पावसाळ्यात. मिळत नसलेली वस्तू स्वस्त लावायला काय जाते? अ‍ॅथलॉनचीही एक उणीव सांगितली पाहिजे, नाहीतर एकाच पक्षाची वकिली होईल. तिच्या शेजारी ठेवलेली साठवणीची स्मृती तिच्या एक-तृतीयांश वेगानेच चालत असे. इंटेलच्या चिपेत ती आतच आणि पूर्ण वेगाने चाले. म्हणजे आकडा दोघींवर एकच असला तरी काम सारखेच होईल असे नव्हते. ते पाहायला किती जण बसले होते?

काही जण बसले होते. चिपा मिळवायच्या, त्यांना अहोरात्र राबवायचे आणि निकाल छापायचा, असा एक नवा परीक्षक वर्गच या शर्यतीने जन्माला घातला होता. त्यांतले एक आनंद लाल शिंपी. आडनाव आपल्या गल्लीतले वाटावे. माणूस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात वाढलेला. १९९७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने 'आनंदटेक' हे परीक्षणांचे प्रकाशन सुरू केले, आणि पुढे इंटेल-ए.एम.डी.सारख्या कंपन्या त्याच्या निकालाची वाट पाहू लागल्या. ते प्रकाशन २०२४ च्या ऑगस्टअखेर थांबले. दुसरे टॉमस पाब्स्ट, मूळचे जर्मन डॉक्टर. नाडी पाहायची सवय त्यांनी चिपांकडे वळवली होती.

३१ जुलै २००० ला इंटेलने ११३ कोटी ठोक्यांची पेंटियम-३ काढली. पुन्हा मर्यादित पुरवठा, पुन्हा ९९० डॉलर. अ‍ॅथलॉनच्या पुढे असलेच पाहिजे, या एका हट्टापायी आराखड्याला त्याच्या कुवतीबाहेर ताणले होते. पाब्स्टना मिळालेली चिप साध्या कामात तग धरी. पण लिनक्स प्रणालीचा गाभा नव्याने बांधण्यासारखे जड काम दिले की हटकून कोसळे. त्यांनी ते जाहीर लिहिले. इंटेलने प्रथम मान्य केले नाही. मग काइल बेनेट या दुसऱ्या परीक्षकालाही तोच अनुभव आला आणि २८ ऑगस्टला इंटेलने दोष कबूल करून ती चिप माघारी बोलावली. चार आठवड्यांचे आयुष्य!

या माघारीत एक विचित्र गोष्ट घडली. चिपा इतक्या थोड्या विकल्या गेल्या होत्या की, १९९४ सारखा खड्डा पडला नाही. वानगी म्हणून जे काढले होते ते वानगीइतकेच परत आले. मर्यादित पुरवठ्याने प्रतिष्ठा गेली, पण तिजोरी वाचली. या निष्कर्षाचा आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. ज्या थोड्या लोकांनी हजार डॉलर मोजून ते सर्वांत वेगवान यंत्र घेतले होते, त्यांनी न सांगता परीक्षकाचे काम केले. मेहनताना मात्र त्यांनीच भरला. बी-बियाण्यांच्या दुकानात नवे वाण आले की आधी एक-दोन शेतकऱ्यांच्या रानात ते पेरून पाहतात. पण तेथे निदान बी फुकट देतात.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला 'पेंटियम-४' आली, सेकंदाला दीडशे कोटी ठोक्यांपर्यंत. आकडे चढत गेले, उष्णताही चढत गेली. चारशे कोटी ठोक्यांच्या चिपेचे वचन इंटेलने दिले होते. ऑक्टोबर २००४ मध्ये ते मागे घेतले, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑरलँडोच्या एका सभेत, हजारो श्रोत्यांसमोर, विनोदाने का होईना, गुडघे टेकून क्षमा मागितली. त्यानंतर एका चिपेवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग सर्वांनीच धरला आणि नुसत्या ठोक्यांची शर्यत मंदावली.

वानगीची प्रथा मात्र संपली नाही. तिला निराळे रूप आले. २०१८ च्या जूनमध्ये ८०८६ या आपल्या जुन्या चिपेला चाळीस वर्षे झाली म्हणून इंटेलने एक खास मर्यादित आवृत्ती काढली, पाचशे कोटी ठोक्यांपर्यंत जाणारी, आणि नेमक्या ८०८६ नगांची सोडत काढून ते वाटले. २०१९ मध्ये तर आणखी एक पायरी. चौदा गाभ्यांची, पाचशे कोटी ठोक्यांची एक चिप दुकानात आलीच नाही. यंत्रे बांधणाऱ्या निवडक कंपन्यांसाठी तिचा लिलाव होई; हमी नाही, ठरलेली किंमत नाही. पायाशी पडलेला सर्वांत भारी दाणा आता पोत्यात घालायचाच नाही, तो वेगळा बांधून बोलीवर विकायचा, असे ठरले. माझ्या मते हा व्यवहार मार्च २००० पेक्षा प्रामाणिक आहे. येथे पोते नाहीच, आणि ते कुणी कबूलही केलेले नव्हते.

विनोद धाम यांना २०२५ साली पद्मभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला दिल्लीच्या सेमिकॉन परिषदेत पंतप्रधानांच्या हाती एक डबी देण्यात आली. तिच्यात मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत घडलेली 'विक्रम ३२०१' ही देशी चिप होती, आणि देशात उभ्या राहत असलेल्या प्रकल्पांच्या चाचणीच्या चिपाही होत्या. डबीची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आली. विक्रमची गोष्ट वेगळी आहे. ती अग्निबाणांसाठी आहे; तिची १६ बिटांची थोरली बहीण २००९ पासून इस्रोच्या बाणांवर काम करीत आली आहे, आणि ही धाकटीही पी.एस.एल.व्ही.-सी ६० च्या मोहिमेत अवकाशात पारखून झाली आहे. वर्षाकाठी उडणारे बाण मोजकेच; तेव्हा तिला मूठभर दाणे पुरतात. त्या डबीतल्या बाकीच्या चिपांना मात्र पोती लागणार आहेत, आणि ती भरण्यासाठी २०२५ मध्ये गुजरातेत साणंद व ढोलेरा येथे कारखाने उभे राहत होते.